बँड आणि बुके

पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला तालुक्याच्या गावी मुलांचा बँड वाजत निघाला, की रस्त्यावरचा माणूस क्षणभर थांबतो. पण ती मुले त्या दिवसासाठी किती दिवस राबली आणि त्यांच्या बुकांचे तेवढ्यात काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज मी तेवढेच बोलणार आहे.

राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी., १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. तिच्या काही पथकांत बँडही असतो. आमच्या महाविद्यालयातल्या बँडची देखरेख काही वर्षे माझ्याकडे होती. मी अर्थशास्त्र शिकवतो. वाद्यातले मला फारसे कळत नाही. पण हजेरी मांडणे आणि मुलांना तासातून सोडवून आणणे, हे काम माझे.

आमच्या बँडमध्ये एक मुलगा होता. दहा-बारा कोसांवरून एस.टी.ने यायचा. साइड ड्रम असा वाजवी, की मागच्या ओळीतल्याचेही पाऊल चुकू नये. सरावाची वेळ दुपारची, आणि त्याच वेळी त्याचा अकौंटन्सीचा तास. मी चिठ्ठी द्यावी आणि त्याने तास सोडून यावे, असे चालले. सराव संपल्यावर संध्याकाळची शेवटची गाडी. घरी जाऊन जेवला, की डोळा लागे. जानेवारीत बँडचे सर्वांनी कौतुक केले. परीक्षेत तो अकौंटन्सीत नापास झाला.

त्याचे वडील मला भेटायला आले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सर, पोरगं वाजवायला शिकलं, ह्याचा आनंदच हाय. पर त्याचा तास बुडत होता, हे तुम्हाला ठावं होतं ना?"

श्रोते हो, मला ठाऊक होते. चिठ्ठीवर सही माझीच होती.

आमच्या अर्थशास्त्रात एक साधा सिद्धान्त आहे. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी आपण सोडलेली दुसरी गोष्ट. हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहितो. सरावाच्या एका तासाची किंमत मात्र मी कधी मांडलीच नव्हती. आणि हिशेबाचा विषय असा, की आजचा धडा बुडाला तर उद्याचा समजत नाही.

मग बँड बंद करावा काय? काही सहकारी तसे म्हणाले. मला ते पटले नाही. उलट मी सराव नीट पाहू लागलो, तेव्हा ध्यानात आले, की अभ्यास कसा करावा हे बँडच शिकवतो. 'तेज चल'मध्ये मिनिटाला १२० पावले पडतात. पण त्या गतीने कोणी शिकायला सुरुवात करीत नाही. ड्रम शिकणारा मुलगा आधी लाकडी फळीवर रबर ठेवून, दोन्ही हात सारखे पडेपर्यंत सावकाश ठोके देतो. जिथे अडते, तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा घेतो; सारी चाल पहिल्यापासून वाजवीत बसत नाही. आणि संचलनाच्या आदल्या रात्री चार तास बडवून हात तयार होत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हाच मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र सारे पुस्तक वाचायला बसतो!

पुढल्या वर्षी आम्ही काही नेम केले. जून महिन्यातच एका कागदावर आधी परीक्षांच्या तारखा लिहिल्या, मग बँडच्या. सराव तासांनंतर, आठवड्यातून चार दिवस, एकच तास. शेवटची गाडी चुकता कामा नये. तासाच्या वेळी चिठ्ठी नाही. परीक्षेआधी दोन आठवडे वाद्ये कपाटात. आणि प्रत्येक वाद्याला दोन मुले तयार करायची, म्हणजे एकावाचून अडत नाही. त्या वर्षी स्पर्धेत आमचा नंबर आला नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन्हीकडे पहिला नंबर मागणे बरोबर नव्हे.

तो मुलगा सहा महिने आपण होऊन बँडबाहेर राहिला. रोज पाच हिशेब, आणि जो चुकेल तो दुसऱ्या दिवशी पुन्हा, असा क्रम त्याने धरला. विषय सुटला. मग परत आला आणि नव्या मुलांना फळीवर हात बसवायला शिकवू लागला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली एन.सी.सी. हा निवडीचा विषय म्हणून ठेवावा, असे विद्यापीठांना सुचवले. चांगले झाले. पण गुण मिळाले म्हणून दिवसाचे तास काही वाढत नाहीत. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती, की मुलाला बोलावताना तो काय सोडून येतो आहे, हे आधी विचारा. आणि पालकांनो, मूल वाजवते म्हणून त्याच्यावर रागावू नका. वेळापत्रक मात्र जरूर मागून घ्या. तो तुमचा अधिकार आहे.

मला हे एका बापाने शिकवले. मुलाचे एक वर्ष त्यासाठी गेले. तुमच्या गावी ते जाऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.