कॅनडा : श्रीमंती कोणाच्या घामाची?



कॅनडाचे नाव निघाले की आपल्या घरांतून डॉलर, थंडी आणि व्हिसा एवढीच चर्चा होते. देश श्रीमंत आहे आणि नाना वंशांचा आहे, हे खरेच. २०२१ च्या जनगणनेत तेथील शंभरातली तेवीस माणसे बाहेरून येऊन स्थायिक झालेली निघाली. तेथील सरकारने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले, १९८८ मध्ये त्याचा कायदा केला. पण आम्ही रेल्वे-टपालवाले. हा इतिहास आम्ही रुळांपासून वाचणार.

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे १८८५ च्या नोव्हेंबरात पुरी झाली. पश्चिमेकडील डोंगरांतला सर्वांत अवघड भाग सुमारे पंधरा हजार चिनी मजुरांनी बांधला, तोही गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर. सुरुंगांत, दरडींखाली, आजारपणात शेकडो दगावले. शेवटचा खिळा ठोकतानाचे गाजलेले छायाचित्र आहे, त्यात चिनी कामगार दिसत नाहीत. काम संपले त्याच वर्षी चिन्यांवर ५० डॉलर डोईपट्टी बसली, १९०३ मध्ये ती ५०० झाली. १९२३ ते १९४७ दारच बंद! सरकारने माफी मागितली ती २००६ मध्ये.

हा झाला सरकारचा आणि कंपनीचा हिशेब. आता आपल्या बाजूचा, म्हणजे युनियनचाही मांडू. शयनयान डब्यांत बिछाने घालणारे, बूट पुसणारे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय होते. कोणाचे नाव काहीही असो, उतारू सर्वांना 'जॉर्ज' म्हणूनच हाक मारीत. (आपल्या फलाटावर हमालाला नावाने हाक कितीजण मारतात?) गोऱ्या रेल्वे कामगारांच्या युनियनने त्यांना सभासदत्व नाकारले. १९१७ मध्ये पोर्टरांनी स्वतःची संघटना उभारली. पुढे १९४५ मध्ये त्यांच्या ब्रदरहुडने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीशी करार करून पगारवाढ आणि रजा मिळवली. गोऱ्या बंधूंनी आधीच हात दिला असता तर किती वर्षे वाचली असती! आपल्या यार्डातल्या कंत्राटी सफाईवाल्याला आपण सभासद करून घेतो का, हे प्रत्येक शाखेने आपापल्या बैठकीत विचारावे.

टपालवाल्यांची गोष्ट अधिक उमेदीची. १९८१ मध्ये तेथील टपाल कामगार बेचाळीस दिवस संपावर राहिले. मुख्य मागण्यांतली एक होती पगारी बाळंतपणाची रजा. पुरुष सॉर्टरही तिच्यासाठी उभे राहिले आणि सतरा आठवडे पदरात पडले. मग इतर युनियनांनीही तीच मागणी आपल्या करारांत घातली.

तेही आयते टिकत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी टाळेबंदी केली, तेव्हा सरकारने तंटा सक्तीच्या लवादाकडे पाठवला. डिसेंबरात टपालाचा महिनाभराचा संपही सरकारी हस्तक्षेपानेच थांबला. २५ सप्टेंबर २०२५ रोजी घरोघर टपाल वाटप बंद करण्याकडे जाणारे बदल मंत्र्यांनी जाहीर केले. त्याच दिवशी देशभरचे टपाल कामगार पुन्हा कामाबाहेर पडले.