आपले धरण आपल्या पायाखाली



यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. तरी आपली पऱ्हाटी आणि ज्वारी आभाळाकडेच पाहते. बहुतेक शिवारात काळ्या मातीखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत पाणी थोडेच मावते. म्हणजे आपले खरे धरण ही मातीच.

एकरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला की १ लाख लिटर पाणी पडते. पेरणी उताराच्या दिशेने असली, तर ते माती घेऊन नाल्याला लागते. म्हणून उताराला आडवे पेरा, बांध धरा. पण वरच्याचे पाणी खालच्याचा बांध फोडते. हे साऱ्या शिवाराने मिळून ठरवावे लागेल.

आणि सरकारला आम्ही विचारतो, कापसाचा उत्पादनखर्च काढताना वाहून गेलेली माती कोणत्या रकान्यात मांडता?