अर्धी राहिलेली पदवी



एफ.वाय. पास झालो आणि घरच्या अडचणीपायी गिरणीत साच्यावर उभा राहिलो. कॉलेज सुटलं ते सुटलंच. एकावन्नाव्या वर्षी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला, तेव्हा चाळीत हसू झालं. "आता कलेक्टर होणार काय?"

बाबासाहेबांच्या पदव्या आपण भराभर मोजतो. पण १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले, हे पोरांना कोण सांगतो? सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून शिल्लक टाकून, नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढून ते १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मधली ती तीन वर्षे मला पदव्यांइतकीच मोठी वाटतात.

माझं म्हणाल तर वाचायची भीती नव्हती, युनियनची पत्रकं वाचूनच वाढलो. भीती लिहायची. तीन तास पेन धरलं की बोटं आखडत. पहिल्या पेपरला पर्यवेक्षक म्हणाले, "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉलतिकीट पुढे केलं! अर्थशास्त्र राहिलं, ते पुढच्या खेपेला सुटलं.

रात्री पुस्तक धरून प्रश्न विचारायची ती आमची मंडळी. सातवी शिकलेली. निकालाचे पेढे वाटून झाले आणि म्हणाली, "आता माझं नाव घाला." तिचा दहावीचा सतरा नंबर फॉर्म भरलाय. आणखी कोणाला भरायचा असेल, तर रविवारी वंदनेनंतर मी इथेच बसलेला असतो.

जयभीम.