मुकादम आणि कामाची चिठ्ठी



बेंबळीच्या शिवारात सोयाबीनची खुरपणी निघाली, की एकट्या बाईने सारे रान उरकावे असे कोणी म्हणत नाही. दहा-वीस बाया येतात, प्रत्येक जण आपली पात धरते, आणि बघता बघता रान मोकळे होते. संगणकातले ग्राफिक्स कार्ड असेच राबते. मूळचे ते पडद्यावर चित्रे उमटविण्यासाठी. पण त्यात शेकडो-हजारो लहान गणक एकाच वेळी काम करतात. म्हणून २००७ साली एनव्हिडिया कंपनीने ‘कुडा’ नावाची सोय बाजारात आणली, आणि मोठमोठे हिशेबही त्या कार्डांवर होऊ लागले. पुण्याच्या सी-डॅकने २०२० साली उभारलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणक अशाच कार्डांचा.

आता समजा, शाळेला कोणी जुना संगणक दिला. त्यात असे कार्ड आहे. गुरुजींनी प्रोग्राम सुरू केला, तर इंग्रजीत उत्तर आले, ‘ड्रायव्हर अपुरा आहे.’ पुष्कळ जण येथेच फसतात. कार्ड बिघडले म्हणतात आणि नव्याच्या किमती विचारू लागतात! अहो, जरा थांबा.

बायांना काम नेमून देणारा मधला माणूस म्हणजे मुकादम. ड्रायव्हर हा तो मुकादम, आणि कुडाची लायब्ररी, म्हणजे तयार क्रियांचा संच, ही कामाची चिठ्ठी. नवा मुकादम जुनी चिठ्ठी वाचतो. जुन्याला नवी चिठ्ठी लागत नाही. लिनक्सवर कुडा १२ ला ५२५ क्रमांकाचा किंवा पुढचा ड्रायव्हर लागतो, कुडा ११ ला ४५० ही पुरतो.

मग ड्रायव्हर बदलला की झाले? नेहमी नाही. २०१२ साली आलेल्या केप्लर पिढीच्या कार्डांना ४७० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. कुडा १२ ने तर त्यांना वगळलेच. उलट परम सिद्धीतल्या ए-१०० कार्डांची ओळख कुडाला अकराव्या आवृत्तीपासूनची. तेव्हा आधी कार्डाची पिढी पाहावी, मग ड्रायव्हर, आणि लायब्ररी शेवटी. लोक नेमके उलटे करतात.

‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही आज्ञा दिली की कोपऱ्यात कुडाचा एक आकडा दिसतो. त्यावर जाऊ नका. ड्रायव्हरला कुठवर झेपेल एवढेच तो सांगतो. संगणकात कोणती लायब्ररी बसवली आहे, हे नव्हे.

नवा ड्रायव्हर चढविल्यावर ‘ड्रायव्हर व लायब्ररी जुळत नाहीत’ असे उमटले, तर बहुधा जुना मुकादम अजून रानातच उभा असतो. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा. आणि शाळेतले कार्ड केप्लर पिढीचे निघाले, तर ४७० चा ड्रायव्हर ठेवून त्या कार्डाला चालणारी कुडाची जुनी आवृत्ती बसवावी. जुन्या आवृत्त्या कंपनीच्या संग्रहात मिळतात, त्यांना पैसे पडत नाहीत.