पायावरचे पोट
(मांडू येथील स्नेहसंमेलनातील भाषण)



मांडूच्या गडावर फुटबॉलची गोष्ट कशाला, असे आपण म्हणाल. पण देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले; तेव्हा त्या गावाशी आपले नाते आहेच. तेथे तालमींचेच फुटबॉल संघ. पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा सामना असला की शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते.

त्याच गावचा अनिकेत जाधव, जन्म २०००. पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आपण तिन्ही सामने हरलो, ते असो. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे संघ बदलत गेला. हैदराबादने २०२२ मध्ये इंडियन सुपर लीग जिंकली, त्या संघात तो होता.

येथे बसलेले वडील मनात विचारीत असतील, यात पोट भरते का? भरते, पण कराराच्या मुदतीपुरते. गुडघा दुखावला तर पुढचा करार मिळेलच असे नाही. म्हणून माझ्या नातवाला मी खेळू दिले, शाळा मात्र सोडू दिली नाही. हे दोन्ही डगरींवर हात ठेवणे त्याच्या आईला पटलेले नाही. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही.