मुक्या जिवांची सेवा आणि आपले नाते
(विहाराच्या वर्धापनदिनी मोलगी येथे केलेले भाषण)



समितीने मला 'प्राणिसेवा' हा विषय दिला. तो ऐकून एका तरुणाने मला सरळ विचारले, "काका, आपल्या माणसांचेच प्रश्न सुटेनात, अन् तुम्ही शेळ्या-कोंबड्यांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आधी द्यायला पाहिजे.

बंधूंनो, जनावरांशी आपले नाते साधे नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, आपल्या माणसाला मात्र बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा, हेही त्यांनी महाडच्या परिषदेत बजावून सांगितले. गावाने आपल्याला मेलेले ढोर दिले होते, माणूसपण दिले नव्हते. म्हणून आजही कोणी भूतदया म्हटली की आपल्या मनात शंका येते.

पण हे दोन वेगळे प्रकार आहेत. मेलेले ढोर ओढणे ही सक्ती होती. जिवंत जनावर वाचवणे ही आपण स्वतः केलेली निवड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पहिले शीलही तेच शिकवते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि देवदत्ताची पक्ष्याची गोष्ट घेतली आहे. बाण मारणाऱ्याचा पक्षी की वाचवणाऱ्याचा, असा वाद झाला. निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला. माझ्या मते आपलेपणाचा सारा अर्थ या निवाड्यात आहे. ज्याची आपण काळजी घेतो तोच आपला होतो.

आता अलीकडचे उदाहरण पाहा. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे परकेच होते. माडिया गोंड लोक सुरुवातीला त्यांच्या जवळ येत नव्हते. एकदा शिकार करून आणलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू डॉक्टरांनी मागून घेतले. भुकेल्या शिकाऱ्याला त्यांनी पापी म्हटले नाही. पुढे शिकारीत पोरकी झालेली पिल्ले लोक स्वतःच त्यांच्याकडे आणू लागले. २००८ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही, की परका माणूस तिथला झाला.

आपलेही इथे तसेच आहे. मोलगी परिसर भिल्ल-पावरा बांधवांचा. आपली घरे थोडी, त्यातली बरीच नोकरीपायी आलेली. गिरणीत आम्हाला बिल्ल्याच्या नंबरावरून ओळखतात, नाव कोणी विचारत नाही. गावातही माणूस वर्षानुवर्षे असा नंबरासारखा राहू शकतो. आठवडे बाजारात रामराम, जय भीम होतो, पण एकमेकांच्या अंगणात पाय पडत नाही.

शेळीच्या निमित्ताने तो पडेल. डोंगरातल्या बाईची शेळी म्हणजे तिची बँक. दवाखान्याला, बियाण्याला, पोराच्या वह्या-पुस्तकांना तीच विकली जाते. मानमोडीत कोंबड्या जातात, पीपीआरने शेळ्या जातात. पावसाळ्यात आंत्रविषार आणि घटसर्प येतो. यांवर लसी आहेत, त्या वेळेवर पोचल्या पाहिजेत. लस डॉक्टरच टोचतील. पण पाड्यावर आधी निरोप देणे, यादी करणे, बर्फाची पेटी डोंगर चढून नेणे आणि शेळी धरणे, हे आपली पोरे करू शकतात. शेळी धरायला दोन माणसे लागतात, एक घरधनी आणि एक आपला. तिथेच बोलणे सुरू होते. त्यांची बोली आपण शिकू, त्यांचा वाघदेव समजून घेऊ. उपदेश करायला मात्र जायचे नाही.

म्हणून माझी विनंती आहे. मे महिन्यात, पावसाच्या आधी, विहारातल्या दहा मुला-मुलींनी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आपली नावे द्यावीत. एका पाड्यापासून सुरुवात करावी आणि पुढच्या वर्धापनदिनी त्या पाड्याच्या लोकांना इथे पंगतीला बोलवावे. त्या तरुणाला माझे हेच उत्तर आहे. शेळीच्या मागे गेलो तर माणसांपर्यंतच पोचू.

जय भीम! नमो बुद्धाय!