बेड्या तुटल्या, जमीन मिळाली नाही

(जबलपूर येथील मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अमेरिकेतील गुलामगिरीचा इतिहास जबलपुरात कशासाठी ऐकायचा, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या शहराच्या रेल्वे स्थानकापासूनच सुरू होते. १८६७ साली अलाहाबादहून ईस्ट इंडियन रेल्वे येथे पोहोचली. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे तिला येथेच येऊन मिळाली आणि मुंबई व कलकत्ता ही दोन बंदरे जोडली गेली. त्या काळात हिंदुस्थानच्या अंतर्भागात रेल्वे न्यावी म्हणून ज्यांनी लंडनमध्ये तगादा लावला होता, त्यांत लँकेशायरचे गिरणीमालक आघाडीवर होते. त्यांना कापूस हवा होता. कारण ज्या देशाचा कापूस ते वापरीत, तेथे गुलामीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटले होते.

ही गुलामी आली कोठून? १६०७ साली इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत वसवली. तंबाखूचे पीक हाती लागले, पण ते काढायला हात नव्हते. प्रारंभी प्रवासखर्चाच्या मोबदल्यात काही वर्षे बांधून घेतलेले गरीब गोरे नोकर राबत. १६१९ मध्ये वीसएक आफ्रिकी माणसे तेथे आणून विकण्यात आली. पुढे कायद्याने एकेक गाठ आवळली. आईचा दर्जा तोच मुलाचा दर्जा, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. याचा अर्थ, गुलाम स्त्रीच्या उदरातील मूल जन्मण्याआधीच मालकाच्या मत्तेत जमा झाले. १६७६ च्या बेकनच्या बंडात गोरे व काळे कष्टकरी एकत्र लढले आणि त्यांनी जेम्सटाउन जाळले. या बंडाचा पहिला रोख तेथील मूळ रहिवाशांवर होता, हेही विसरता कामा नये. परंतु मळेवाल्यांना धास्ती पडली ती या एकजुटीची. त्यानंतरच्या काळात गुलामांची आयात वाढत गेली, १७०५ मध्ये गुलामीचे कायदे एकत्र करून कडक करण्यात आले आणि गरीब गोऱ्याला जमिनीऐवजी कातडीचा मोठेपणा देण्यात आला. वर्णद्वेष हा निसर्गाचा नियम नव्हे. तो कोणाच्या तरी गरजेपोटी, कलमाकलमाने रचला गेला.

१७७६ साली सर्व माणसे समान असल्याची घोषणा झाली. ती लिहिणाऱ्या जेफर्सनच्या मालकीत त्याच्या हयातीत सहाशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेने प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरले. तेही त्याला मत देण्यासाठी नव्हे, तर त्याच्या मालकांच्या राज्याला जादा जागा मिळाव्यात म्हणून! १७९३ मध्ये सरकी वेगळी करणारे जिन निघाले. यंत्राने श्रम हलके व्हावेत अशी आपली कल्पना असते. येथे उलट घडले. कापूस किफायतशीर झाला आणि १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० मध्ये जवळजवळ चाळीस लाख झाले.

या कापसाला नवी जमीन हवी होती. ती मूळ रहिवाशांची होती. १८३० च्या कायद्याने त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्याचे ठरले. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना लष्कराच्या पहाऱ्यात चालवत नेण्यात आले आणि त्यांपैकी सुमारे चार हजार मेले, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जबलपूरकरांना ही कहाणी अगदीच परकी वाटू नये. गढा-मंडल्याच्या गोंड राजघराण्यातील शंकर शाह व त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात तोफेच्या तोंडी दिले गेले. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या बंदोबस्तात सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालक ठरविण्यात आले. नर्मदेकाठची काळी जमीन इतरांच्या हाती आणि गोंड डोंगराकडे, ही वाटणी त्यामुळे पक्की झाली. दोन्ही इतिहास एकसारखे नाहीत. पण कसणाऱ्याची जमीन कागदावर दुसऱ्याची करण्याची रीत ओळखीची आहे.

१८६१ मध्ये युद्ध सुरू झाले, दक्षिणेची बंदरे अडविली गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लक्षावधी कामगारांवर उपासमारीची पाळी आली. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या सभेत कामगारांनी गुलाममालकांच्या बाजूने उभे राहण्यास नकार दिला आणि लिंकनला पाठिंबा कळविला. १८६४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वतीने लिंकनचे अभिनंदन करणारे पत्र कार्ल मार्क्सने लिहिले. ज्यांची चूल विझली होती त्यांनी दूरच्या गुलामाची बाजू घ्यावी, ही कामगारवर्गाच्या इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे.

गिरणीमालकांनी मात्र दुसरे शेत शोधले. वऱ्हाड, खानदेश, गुजरात येथील कापसाला अभूतपूर्व भाव आला. सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईत शेअर बाजार व बँका बुडाल्या. भाव उतरला, कर्ज उतरले नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्याच्या कारणांचा शोध घेताना सरकारी चौकशी आयोगालाही अमेरिकन युद्धकाळातील तेजी-मंदीची दखल घ्यावी लागली.

आणि तिकडे मुक्त झालेल्या गुलामांचे काय झाले? जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनाऱ्यालगतची मळेवाल्यांची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांप्रमाणे देण्याचा हुकूम काढला. सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली, नांगर धरला. त्याच वर्षी लिंकनच्या हत्येनंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. पुढची काही वर्षे झगड्याची होती. नागरिकत्वाचा व मताचा हक्क घटनेत आला, शाळा निघाल्या, काल गुलाम असलेले लोक विधिमंडळात बसले. हे यश लहान नव्हते. पण जमिनीविना ते टिकले नाही. कू क्लक्स क्लानने खून पाडले आणि १८७७ मध्ये उत्तरेच्या सत्ताधाऱ्यांनी दक्षिणेतील मळेवाल्यांशी समझोता करून लष्कराचे संरक्षण काढून घेतले. मुक्त शेतकरी जुन्याच मालकाच्या रानात बटाईने राबू लागला. आपल्या भागात त्यालाच अधिया म्हणतात. बियाणे, मीठ, कापड मालकाच्या किंवा दुकानदाराच्या उधारीवर. पीक आधीच गहाण. हिशेबाची वही मालकाच्या हाती. तेराव्या घटनादुरुस्तीने गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवला होता. त्या फटीतून क्षुल्लक आरोपांवर माणसे पकडून कैदी मजूर म्हणून भाड्याने देण्यात आली.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला, तेव्हा तो झगडा अजून चालू होता. आशा बाळगण्यास जागा होती. दहा वर्षांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण करताना त्यांनी कर्ज, सारा व कचेरी यांच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी दाखविला. हे दोन ग्रंथ एकत्र वाचावेत. माणसाला जन्मावरून हीन ठरविणे आणि त्याला कर्जाने बांधणे, या एकाच दावणीच्या दोन दोऱ्या आहेत. डॉ. आंबेडकरांनीही हे नाते ओळखले होते. १८६५ नंतरच्या या झगड्याचा इतिहास ज्यांनी कष्टकऱ्यांच्या बाजूने लिहिला, त्या ड्यू बॉइस यांना त्यांनी १९४६ मध्ये पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याची माहिती मागविली होती.

मित्रहो, कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता १८४३ मध्येच संपली होती. तरी कर्जापोटी माणूस बांधून ठेवण्याची प्रथा मोडण्यासाठी स्वतंत्र भारताला १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा करावा लागला. फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडवलेले मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी परतले, पण त्यांच्या पोटाची सोय झाली नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी बजावले की, पुनर्वसनाविना मुक्तता निरर्थक आहे. भूक त्या माणसाला पुन्हा त्याच दारी नेते.

अमेरिकेतील मुक्त गुलामांनी १८६५ मध्ये जमीन मागितली होती, ती याच अनुभवातून. म्हणून आपल्या जिल्ह्यात एखादा मजूर सुटल्याची बातमी वाचाल, तेव्हा तेथेच थांबू नका. त्याच्या नावावर काय झाले, त्याला काम कोण देतो, उधारी कोण देतो आणि वही कोणाच्या हाती आहे, हे विचारा. त्या उत्तरांवरूनच कळेल, तो खरोखर सुटला की त्याचा मालक तेवढा बदलला.